देखाव्यातील माणूस : तैलरंगातील निसर्गचित्र आणि एक नैतिक प्रश्न

निसर्गचित्रात माणूस कशासाठी असतो, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राच्या चर्चेत सहसा उपस्थित केला जात नाही. व्यक्तिचित्रात माणूस का आहे हे विचारण्याची गरज नसते आणि निखळ निसर्गचित्रात तो नसतोच. अडचण मधल्या प्रकाराची आहे. विस्तीर्ण माळ, वर आभाळ, आणि कोठेतरी उजवीकडे खाली दोन-तीन फटकाऱ्यांत उभा केलेला एक मनुष्यदेह. हा देह चित्राचा विषय नसतो, पण तो काढून टाकला तर चित्र कोसळते. विषय नसून अपरिहार्य असण्याच्या या चमत्कारिक स्थितीविषयी पुढील विवेचन आहे.

प्रश्न सुचला तो एका लहान प्रसंगातून. जिल्ह्याच्या ठिकाणी भरलेल्या एका चित्रप्रदर्शनात माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे तैलचित्र होते. दुष्काळी माळ, मावळतीचा उजेड, दूरवर गावातील घरांची ओळ, आणि त्या दिशेने निघालेली, डोक्यावर हंडा घेतलेली लाल लुगड्यातील स्त्री. चित्र चांगले होते. ही स्त्री कशी सुचली असे विचारताच त्याने अगदी सरळपणे सांगितले, ‘‘सर, तिथं लाल हवा होता. मग फिगर टाकली.’’ उत्तरात खोटे काहीच नव्हते. कोणताही प्रामाणिक चित्रकार हेच सांगेल. तरीही ते मनात सलत राहिले. त्याचे एक कारण व्यक्तिगत आहे, त्याकडे पुढे येतो.

प्रथम त्या क्रियापदाकडे पाहू. आपल्याकडे चित्र ‘काढतात’, रंग ‘भरतात’, पण निसर्गचित्रात फिगर ‘टाकतात’. आमटीत मीठ टाकावे तशी. व्यक्तिचित्राच्या बाबतीत हे क्रियापद कोणी वापरत नाही. चित्रकलेच्या वर्गांतील ही बोली शास्त्रीय परिभाषेपेक्षा अधिक प्रांजळ आहे, कारण आकृती मागाहून आली आणि ती वरून आली, या दोन्ही गोष्टी तिच्यात नोंदल्या गेल्या आहेत. ‘देखावा’ हा शब्दही असाच बोलका. निसर्गदृश्यासाठी आपण तो सहज वापरतो आणि ढोंगासाठीही तोच वापरतो.

युरोपीय चित्रपरंपरेत अशा भरीच्या आकृत्यांना ‘स्टाफाज’ असे स्वतंत्र नावच आहे. सतराव्या शतकातील हॉलंडमध्ये ही श्रमविभागणी रूढ होती. राउसडालसारख्या निसर्गचित्रकाराच्या काही चित्रांतील माणसे व गुरे बेर्खेम किंवा आद्रियान फान द वेल्द यांच्यासारख्या दुसऱ्याच चित्रकारांनी रंगविलेली आहेत. रोममध्ये आयुष्य घालविलेल्या क्लोद लोरँविषयी अशी आख्यायिका सांगतात, की आपण निसर्गचित्र विकतो आणि त्यातील माणसे फुकट देतो, असे तो म्हणत असे. आपल्याला माणसे नीट जमत नाहीत याची ती विनोदी कबुली असावी. पण विनोद बाजूला ठेवला तर त्यात एक किंमतपत्रक आहे, आणि त्यात माणसापुढे शून्य लिहिलेले आहे.

किंमत हा शब्द येथे जाणूनबुजून वापरतो आहे. कांटने १७८५ मधील आपल्या नीतिविषयक ग्रंथात किंमत आणि प्रतिष्ठा यांत केलेला भेद सुपरिचित आहे. ज्याच्या जागी त्याच्याशी तुल्य असे दुसरे काही ठेवता येते त्याला किंमत असते. ज्याच्या जागी दुसरे काहीच ठेवता येत नाही त्याला प्रतिष्ठा असते. हा भेद चित्राला लावण्याची सोपी रीत चित्रकारांना पूर्वीपासून ठाऊक आहे, जरी त्यांचा हेतू निराळा असला तरी. एक डोळा मिटून, अंगठा पुढे धरून चित्रातील एखादी आकृती झाकायची आणि काय उरते ते पाहायचे. आकृतीच्या जागी खडक, झुडूप किंवा लाल कापडाचा तुकडा ठेवून तोल सावरत असेल, तर त्या आकृतीला चित्रात किंमत आहे, प्रतिष्ठा नाही, असे म्हणता येईल.

ही कसोटी काल्पनिक नाही. कलेच्या इतिहासात ती प्रत्यक्ष पार पडली आहे. जॉन कॉन्स्टेबलचे ‘द हे वेन’ हे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. स्टूर नदीचे उथळ पात्र, डावीकडे विली लॉटचे घर, पाण्यात उभी असलेली लाकडी गाडी, काठावर कुत्रा. १८२१ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीत ते ‘निसर्गदृश्य : माध्यान्ह’ अशा अर्थाच्या नावाने मांडले गेले, म्हणजे शीर्षकात गाडीही नव्हती आणि गाडीवानही नव्हते. १८२४ मध्ये पॅरिसच्या सलोंमध्ये त्याला सुवर्णपदक मिळाले. या चित्रासाठी कॉन्स्टेबलने त्याच आकाराचे एक पूर्ण तैलरेखाटन आधी केले होते. ते आज लंडनच्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्या रेखाटनात काठाशी, कुत्र्याजवळ, एक घोडा व त्यावर बसलेला स्वार आहे. अंतिम चित्रातही तो प्रथम रंगविला गेला होता. मग कॉन्स्टेबलने तो पुसून त्या जागी एक पिंप रंगविले, आणि शेवटी तेही नको वाटून पाण्या-काठाचा रंग वरून चढविला. स्वार, पिंप, काही नाही. कांटचा भेद सिद्ध करण्यासाठी याहून स्पष्ट उदाहरण कोणी रचूनही दिले नसते. त्या स्वाराची चित्रातील किंमत एका पिंपाएवढी होती, आणि पिंपही अखेर महाग ठरले.

येथे एक आक्षेप येणार, आणि तो यायलाच हवा. चित्रातील माणूस हा माणूस नव्हे. तो रंगाचा डाग आहे, त्याला पुसण्याने कोणालाही इजा होत नाही. मराठी सौंदर्यविचारात या आक्षेपाची सर्वांत कणखर मांडणी मर्ढेकरांच्या भूमिकेतून करता येते. ‘सौंदर्य आणि साहित्य’मधील विचार काटेकोरपणे स्वीकारला तर चित्र म्हणजे रंगसंवेदनांची संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांनुसार झालेली रचना होय. तिच्यात लाल डाग आहे आणि विस्तीर्ण पिवळसर करड्याशी त्याचा विरोधलय साधला आहे, एवढेच चित्र म्हणून प्रस्तुत. तो डाग स्त्रीसारखा दिसतो ही गोष्ट चित्रबाह्य, म्हणून लौकिक, म्हणून अप्रस्तुत. साहित्याचे माध्यम भावनात्मक अर्थाचे असल्याने तेथे हा प्रश्न उठू शकेल, चित्रात नाही. माझा विद्यार्थी मर्ढेकर न वाचताच मर्ढेकरवादी होता.

ही भूमिका मोहक आहे. प्रस्तुत लेखकाने ती कित्येक वर्षे वर्गात उत्साहाने शिकविली आहे. परंतु तिची एक अडचण ती स्वतःच निर्माण करते. लाल हवा होता, हे खरे. मग लाल दगड का नाही? लाल दगड ठेवला असता तर संवेदनेच्या पातळीवर विरोधलय तोच राहिला असता. पण चित्रकाराला ठाऊक होते की दगडाने ते काम होणार नाही. मावळतीच्या माळावर डोळा जिथे खिळायला हवा तिथे मनुष्याकृतीच लागते, कारण दोन फटकाऱ्यांतही माणूस ओळखण्याची आपली दृष्टी इतकी तत्पर आहे, की तो डाग आपल्या लाखमोलाच्या लौकिक अर्थासकटच डोळ्यांत शिरतो. म्हणजे चित्रकार त्या अर्थाचा लाभ घेतो, आणि हिशेब विचारला की ‘तो फक्त रंग आहे’ असे सांगतो. अडचण आकृती वापरण्याची नाही. तिचे माणूसपण वापरून ते नाकारण्याची आहे.

गंमत अशी, की अलौकिकतावादी सौंदर्यविचाराचा मूळपुरुष मानला जाणारा कांट स्वतः या बाबतीत मर्ढेकरांच्या बाजूने उभा राहत नाही. १७९० च्या ग्रंथात त्याने स्वायत्त आणि परायत्त अशी सौंदर्याची दोन रूपे मानली. फुले, वेलबुट्टी ही स्वायत्त सौंदर्याची उदाहरणे. मनुष्यदेहाचे सौंदर्य मात्र परायत्त, कारण माणूस काय असायला हवा, त्याचे प्रयोजन काय, या कल्पनेपासून ते सुटे करता येत नाही. एखाद्या आकृतीवर सुंदर वळणदार रेषा गोंदवता आल्या असत्या, फक्त ती मनुष्याची आकृती नसती तर, असे त्याने न्यूझीलंडच्या गोंदणाच्या संदर्भात म्हटले आहे. (त्या गोंदणाला त्या लोकांत असलेल्या अर्थाची कांटला कल्पना नव्हती आणि त्याच्या उदाहरणात युरोपीय पूर्वग्रह आहे, हे मान्य करूनही मुद्दा शिल्लक राहतो.) मनुष्याकृती ही वेलबुट्टी होऊ शकत नाही. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा ज्या दोन टोकांमध्ये कलाविचार हेलकावताना दाखविला, ती दोन्ही टोके निसर्गचित्रातील या एका बोटभर आकृतीत एकत्र येतात. माळ आणि आभाळ एका नियमाने पाहावे लागते, आणि त्याच कॅनव्हासवर, त्याच ब्रशने काढलेली ती बाई दुसऱ्या.

आपल्या काव्यशास्त्राने हा प्रश्न निराळ्या परिभाषेत कधीच सोडविला होता असे म्हणण्याचा मोह होतो. रसविचारात मनुष्य हा आलंबनविभाव; चंद्र, उपवन, मेघ हे उद्दीपनविभाव. निसर्ग भावाला चेतवतो, भाव जडतो तो माणसावर. निसर्गचित्रातील भरीच्या आकृतीत ही व्यवस्था नेमकी उलटी होते. आलंबन होतो निसर्ग. माणूस त्याला उद्दीपन म्हणून लाभतो. सायंकाळ अधिक सायंकाळ वाटावी म्हणून घरी परतणारा शेतकरी, माळ अधिक उजाड वाटावा म्हणून हंडा घेतलेली बाई. हा उलटा क्रम दोषास्पदच आहे असे मात्र नाही. निसर्गाला आलंबनाचे स्थान देणे ही आधुनिक संवेदनेची कमाई आहे आणि बालकवींनंतर मराठी वाचकाने तिला परकी मानण्याचे कारण नाही. प्रश्न उरतो तो उद्दीपन झालेल्या माणसाचे पुढे काय होते, हा.

तो लहान होतो, असे उत्तर पुष्कळदा दिले जाते. ते चुकीचे आहे. ब्रूगेलच्या नावावर असलेल्या, ब्रसेल्स येथील ‘इकारसचे पतन’ या चित्रात (ते त्याच्या हातचे की हरवलेल्या मूळ चित्राची प्रत, याविषयी मतभेद आहेत) इकारसचे पाण्यावर दिसणारे पाय हाताच्या नखाएवढे आहेत. ओव्हिडच्या कथेत उडणाऱ्या पितापुत्रांना पाहून नांगरणारा, मेंढपाळ आणि गळ टाकून बसलेला माणूस थक्क होतात, ते देवच आहेत असे त्यांना वाटते. चित्रात हे तिघेही आहेत, पण पडणाऱ्याकडे कोणाचेच लक्ष नाही. पाय नखाएवढे असणे हाच येथे आशय आहे. अंगठ्याने ते झाकले तर चित्राचा तोल मुळीच बिघडत नाही, आणि तरीही चित्र उरत नाही. काडीची किंमत नसलेली आणि संपूर्ण प्रतिष्ठा असलेली आकृती ती हीच. फ्रीड्रिखच्या १८०८ ते १८१० या काळातील ‘समुद्राकाठचा साधू’ या चित्रातही साधू चिमुकला आहे. इन्फ्रारेड तपासणीत दिसून आले, की समुद्रावर आधी जहाजे योजलेली होती. फ्रीड्रिखने ती काढून टाकली. कॉन्स्टेबलने माणूस पुसून दृश्य राखले, फ्रीड्रिखने दृश्य पुसत नेऊन माणूस राखला. दोन्ही ठिकाणी हात पुसण्याचाच आहे.

पुसण्याची ही सोय तैलरंगाची आहे, याकडे साहित्याच्या अभ्यासकांचे सहसा लक्ष जात नाही. जलरंगात उजळ आकृती हवी असेल तर तिच्यासाठी कोरा कागद आधीपासून राखावा लागतो. आभाळाचा पहिला हात देण्यापूर्वीच माणूस कोठे उभा आहे हे ठरलेले असते. एकदा जागा बुडाली की तो यायचा राहतो. मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या परंपरेतील जलरंगकारांची निसर्गचित्रे पाहताना त्यांतील माणसे जागेवर रुजल्यासारखी वाटतात, त्याचे एक कारण हे असावे. तैलरंग अपारदर्शक, सावकाश वाळणारा, थरावर थर घेणारा. माळ पूर्ण वाळल्यावर आठ-पंधरा दिवसांनी त्यावर माणूस ठेवता येतो, नको झाला तर खरवडता येतो, किंवा त्यावर पुन्हा माळ रंगविता येतो. ‘टाकणे’ हे क्रियापद या माध्यमाच्या पोटातून आले आहे. म्हणून तैलरंगातील चित्रकारावर जलरंगकाराहून एक जबाबदारी अधिक येते. माध्यमाने त्याला जी विस्मृती देऊ केली आहे ती स्वीकारायची की नाही, हे त्याला ठरवावे लागते.

परंतु प्रतिष्ठेची हमी मोठ्या आकाराने तरी मिळते काय? मिलेचे ‘सरवा वेचणाऱ्या स्त्रिया’ हे १८५७ च्या सलोंमधील चित्र आठवावे. तिघी स्त्रिया पुढ्यात, भरदार, जवळजवळ शिल्पासारख्या. अंगठ्याने झाकण्याचा प्रश्नच नाही. पण मिलेने एक विलक्षण गोष्ट केली आहे : त्यांचे वाकलेले देह क्षितिजाच्या रेषेखाली ठेवले आहेत. जमीन त्यांना वर येऊ देत नाही. मागे दूरवर गंजी, भरलेली गाडी, घोड्यावरचा मुकादम. जे धान्य आहे ते सगळे तिकडे, उजेडात. तिघींचे चेहरे अर्धवट सावलीत. पॅरिसमधील तत्कालीन टीकाकारांपैकी कित्येकांना या चित्रात क्रांतीची भीती दिसली, पुढील पिढ्यांनी त्याच्या छापील प्रती भिंतींवर लावून त्यात कष्टाचे पावित्र्य पाहिले. ही दोन्ही वाचने मला एकाच चुकीची रूपे वाटतात. दोघांनीही त्या स्त्रियांना कशाचे तरी चिन्ह केले. त्या सरवा वेचत आहेत, म्हणजे कापणीनंतर शेतात पडलेली कणसे गोळा करण्याचा गरिबांचा जुना हक्क बजावत आहेत, हे साधे वाक्य दोन्हींत हरवते. मिलेने मात्र ते हरवू दिलेले नाही. एकीचा हात नुकताच जमिनीला टेकला आहे, दुसरीने वेचलेली मूठ पाठीशी धरली आहे. हे काम माहीत असलेल्यानेच काढलेले हात आहेत.

येथे तो व्यक्तिगत संदर्भ सांगायला हवा. विद्यार्थ्याचे ते दुष्काळी चित्र पाहायला मी गेलो तेव्हा आई बरोबर होती. आमचे मूळ गाव माणदेशातले. तिचे निम्मे आयुष्य रोजगार हमीच्या कामावर आणि पाण्याच्या खेपांत गेले. ती चित्रापुढे बराच वेळ उभी राहिली आणि मग म्हणाली, ‘‘ही बाई रिकामा हंडा घेऊन गावाकडं कशाला निघालीय?’’ हंडा रिकामा कशावरून, असे मी विचारले. ‘‘भरल्या हंड्याची बाई अशी मान वळवून बघत नसती. आन् चुंबळ कुठाय?’’

खरोखर, चित्रातील स्त्रीने मावळतीकडे मान वळविली होती. ते वळण सुंदर होते. त्यामुळेच उजेड चेहऱ्याच्या कडेवर येत होता. डोक्यावर पाण्याचा भार असताना मान तशी वळत नाही. हंडा रिकामा असेल तर ती गावाकडे नव्हे, गावापासून दूर निघालेली असायला हवी. चित्रकाराने विचारले होते, लाल कोठे हवा. आईने विचारले, ती कोठे चालली आहे. कांटने माणसाला स्वयंसाध्य म्हटले त्याचा एक अर्थ असाही आहे, की ज्याला स्वतःची साध्ये आहेत तो माणूस. पाणी आणणे हे त्या बाईचे साध्य होते, आणि ते चित्रात कोठेच नव्हते. आईला कॉम्पोझिशन कळत नव्हते असे म्हणून हा प्रश्न बाजूला सारता येईल. मला ते जमले नाही. तिने विचारलेला प्रश्न चित्राबाहेरचा नव्हता. चित्रात जे आहे त्याकडे तिने माझ्यापेक्षा अधिक नेटकेपणाने पाहिले होते.

आता पुन्हा कॉन्स्टेबलकडे गेले तर मघाचा निष्कर्ष तितका सरळ राहत नाही. जॉन बॅरेलने १९८० मधील आपल्या पुस्तकात दाखवून दिले, की इंग्रजी निसर्गचित्रांत ग्रामीण गरीब हळूहळू मागे सरकतात, कॉन्स्टेबलच्या चित्रांत ते दूरच्या शेतातील ठिपके होतात, आणि हा काळ शेतमजुरांच्या असंतोषाचा आहे. १८२२ मध्ये पूर्व अँग्लियात दंगे झाले. हे विवेचन मला पटते. पण ‘द हे वेन’मधील गाडी रिकामी आहे, आणि नदीपलीकडच्या कुरणात, उजवीकडे अगदी दूर, ठिपक्यांएवढी माणसे दुसऱ्या गाडीत गवत भरत आहेत. म्हणजे ही रिकामी गाडी तिकडे चालली आहे. गाडीवान आईच्या प्रश्नाला उत्तर देऊ शकतात. कॉन्स्टेबल गिरणीवाल्याचा मुलगा, त्या काठावर वाढलेला; गाडी कोणत्या दिशेने रिकामी जाते आणि कोणत्या दिशेने भरून येते हे त्याला चुकले नसते. त्याने पुसला तो स्वार. त्याला तेथे काही काम नव्हते, तो डोळ्यासाठी ठेवलेला होता. तेव्हा ते पुसणे ही माणसाची अवहेलना होती की रिकामपणी उभ्या केलेल्या माणसाविषयीचा संकोच, हे ठरविणे मला आता अवघड वाटते.

साहित्यातही हेच घडते, आणि तेथे तर माध्यमाची सबबही उपलब्ध नाही. ग्रामीण कथेत एक काळ असा होता की पहाटेच्या वर्णनात औत घेऊन निघालेला कुणबी आणि जात्यावरची बाई ठरलेल्या जागी येत आणि परिच्छेद संपताच निघून जात. व्यंकटेश माडगूळकर स्वतः चित्रे काढत. ‘बनगरवाडी’त (१९५५) माळ सतत आहे, आणि माणसे त्या माळावर बारीक दिसतात, पण प्रत्येकाला कोठे जायचे आहे ते वाचकाला ठाऊक असते. दुष्काळ पडतो आणि एकेक माणूस निघून जातो, तेव्हा उरलेला माळ हा देखावा राहत नाही. दलित आत्मकथनांनी तर दृश्याची चौकटच फिरविली. गावाबाहेरून गाव पाहणारा डोळा आला की गाव निसर्गचित्रासारखे दिसेनासे होते. त्याची चर्चा स्वतंत्रपणे करावी लागेल.

विद्यार्थ्याला मी आईचा प्रश्न सांगितला. तो हसला, मग गप्प झाला. ती आकृती त्याने दुसऱ्याच गावी केलेल्या एका स्केचवरून घेतली होती. तेथे ती बाई विहिरीकडे निघाली होती. चित्र विकले गेले असल्यामुळे बदल करण्याचा प्रश्न नव्हता.

कॉन्स्टेबलच्या चित्रातील काठावर आज काळजीपूर्वक पाहिले तर कुत्र्याशेजारी पुसलेल्या आकाराचा अंधूक मागमूस दिसतो. तैलरंगाचा थर, विशेषतः शिशाचा पांढरा मिसळलेला, काळाबरोबर पारदर्शक होत जातो, आणि वरून झाकलेले खालून दिसू लागते. इटालियन भाषेत याला ‘पेंतिमेंतो’ म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ पश्चात्ताप. चित्रकाराला तो झाला होता की नाही हे कळण्यास मार्ग नाही. कुत्रा मात्र त्याने पुसला नाही.